हिरव्या दाराचं घर

चैत लागला की बाजाराच्या कडेला मोहफुलांच्या टोपल्या दिसू लागतात. जंगलाकडून आलेल्या बायका पहाटेच्या गाडीने उतरतात, डोक्यावरची टोपली खाली ठेवतात आणि पदराने वारा घेत बसतात. तो वास कुणाला सांगून कळायचा नाही. गोड असतो, जरासा आंबूस असतो, आणि उन्हं वाढली की डोक्यात जाऊन बसतो. मी दरवर्षी ठरवते की या वाटेने जायचं नाही. दरवर्षी जाते, ओंजळभर फुलं घेऊन येते, आणि घरात ती कुणी खात नाही. सून म्हणते, आई, फ्रिज उघडला की कसंसंच होतं. तिचंही खरं आहे.

यंदा ही फुलं टेबलावर होती आणि शेजारीच मुलाने एक गुळगुळीत कागद आणून ठेवला होता. जंगलाच्या कुशीत, डोंगरमाथ्यावर, शांत, स्वच्छ हवा, शिवाय परवडणारं. ‘सेकंड होम’ म्हणतात त्याला आता. चित्रात एक पांढरं घर होतं, घरासमोर रिकामी खुर्ची होती आणि माणूस एकही नव्हता. मुलगा उत्साहाने सांगत होता की उन्हाळ्यात चंद्रपूर तापलं की आपण तिकडे जाऊन राहायचं. मला हसू आलं, आणि त्याला वाटलं मी त्याची थट्टा करते आहे. आमच्या घरात असं दुसरं घर एकदा घेऊन झालं आहे, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा चंद्रपूर चांदा होतं आणि आम्ही बल्लारपूरला राहायचो. बाबा लाकडाच्या डेपोत होते. शेठच्या वतीने जंगलात लिलावाला जायचं, थप्पी पाहून सागाचं मोल ठरवायचं, माल उतरवून घ्यायचा, हे त्यांचं काम. घराच्या एका बाजूला करवतीचा भुसा आणि दुसऱ्या बाजूला कोळशाच्या वाघिणी. दोरीवर टाकलेलं पांढरं लुगडं संध्याकाळपर्यंत राखी व्हायचं. आम्ही सगळे ती हवा पिऊन मोठे होत होतो, फक्त माझ्या मायला ती पचली नाही. तिला दमा होता. मी दहा-अकरा वर्षांची असेन, तिची एकुलती एक. घरात पाऊल टाकताना मी आधी कान द्यायचे. मायच्या छातीतली शिट्टी ऐकू आली की दिवस कसा जाणार ते कळायचं.

डॉक्टरने सांगितलं, हिला धुळीतून काढा, उंचावर न्या, कोरड्या हवेत. त्या काळी पैसेवाले पचमढीला जायचे. बाबांनी पचमढीचं नाव फक्त शेठच्या तोंडून ऐकलं होतं. पण ते हार मानणारे गृहस्थ नव्हते. त्या हिवाळ्यात ते धानोऱ्याच्या बाजूला लिलावाला गेले आणि परतले तेव्हा त्यांचा चेहरा लग्नातल्या वरबापासारखा फुलला होता. त्यांनी घर घेतलं होतं. रेंगाटोला म्हणून गोंडांचं छोटंसं गाव, टेकडीच्या माथ्यावर, चहूकडून वारा. एका जुन्या सायकलीच्या किमतीत घर. माय खाटेवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, “एवढं सस्तं काऊन देऊन राह्यले ते?” बाबा म्हणाले, जंगलातल्या माणसाला मोल कळत नाही.

पुढे मला जे कळलं ते असं. घर टोल्यावरच्या दसरू नावाच्या गोंडाच्या भावाचं होतं. आदल्या पावसाळ्यात टोल्यावर ताप आला, त्यात भाऊ गेला, आणखी काही माणसं गेली, आणि भावाची बायको माहेरी निघून गेली. दसरूने बाबांपासून काहीही लपवलं नव्हतं. तो सरळ म्हणाला होता, “नोको घेऊ भाऊ. हे गाव उठनार हाये. भुई रुसली आमच्यावर.” पण बाबांची सारी उमर लिलावात गेली होती. तिथे जो मालाला नावं ठेवतो त्यालाच तो माल हवा असतो, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांना वाटलं, दसरू घर सोडायला तयार नाही, भाव चढवतो आहे. म्हणून त्यांनी थोडे जास्त दिले. दसरूने ते घेतले, पण तो विचारात पडला असणार. घेऊ नको म्हटल्यावर जास्त देणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला असेल.

होळी झाली आणि आम्ही निघालो. मूल गावापर्यंत छोटी रेल्वे, पुढे मोटार, वैनगंगेवर डोंगा, मग बैलगाडी. गाडीत आमच्या पायाशी एक आडवं दार होतं. बाबांनी ते डेपोत स्वतः उभं राहून करवून घेतलं होतं, अस्सल सागाचं, आणि त्याला हिरवा रंग दिला होता. टोल्यावर सगळ्या घरांना बांबूच्या ताट्या होत्या. आपल्या घराला दार पाहिजे, असं बाबांचं म्हणणं. टेकडीच्या पायथ्याशी गाडीवाट संपली. वरून माणसं खाटलं घेऊन उतरली, त्यांनी मायला त्यावर निजवलं, खाटल्याला दांडे बांधले आणि खांद्यावर घेऊन चढू लागली. मागून दोघे ते हिरवं दार आणत होते. मी मधे चालत होते. पुढे माय आणि मागे दार, अशी आमची वरात त्या गावात शिरली.

गाव कसलं, मोहाच्या झाडांखाली विखुरलेली पंधरा-वीस घरं. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, सारवलेली अंगणं. आमच्या घरात एकच खोली होती. भिंतीत एक कोनाडा होता, त्यात मायच्या औषधाची निळी बाटली बसली. पूर्वेकडे तळहाताएवढा झरोका होता. मायची खाट बाबांनी त्याच्याखाली लावली आणि रजा संपायच्या आत ते परत गेले. मग दर पंधरवड्याला यायचे, घामाघूम, पिशवीत साखर आणि बटाटे घेऊन. मधल्या दिवसांत आम्हाला सांभाळायची दसरूची बायको, बुधी.

बुधीला बोलायला फार आवडायचं नाही. सकाळी यायची, खाटेच्या पायाशी उकिडवी बसायची, मायच्या श्वासाकडे बघत राहायची. मग म्हणायची, आज बरी हायेस. किंवा काहीच न म्हणता उठून जायची आणि थोड्या वेळाने पानाच्या द्रोणात कसला तरी काढा आणायची. मायला तिचं हे बघणं आवडायचं. बल्लारपुरात सगळे तिला धीर द्यायचे आणि ती धीर ऐकून थकली होती. इथे कुणी धीर देत नव्हतं. बरं असलं तर बरं, नसलं तर काढा.

पहाटे अजून अंधार असताना गाव जागं व्हायचं आणि टोपल्या घेऊन झाडांखाली जायचं. आदल्या संध्याकाळी झाडाखालचा पाला जाळून जमीन काळी करून ठेवलेली असायची. त्या काळ्या भुईवर रात्रभर फुलं गळायची, पिवळट, मऊ, रसाने फुगलेली. टप टप आवाज यायचा. मी वेचायला जायचे आणि वेचण्यापेक्षा खायचे जास्त. अस्वलं येऊन गेली की बायका त्यांच्या पावलांना शिव्या द्यायच्या. चैत सरता सरता माय अंगणात येऊन बसू लागली. तिच्यापुढे फुलांची टोपली ठेवायचे आणि ती वाळलेल्या फुलांतले तंतू काढत बसायची. एका सकाळी माझ्या लक्षात आलं की मी कान दिलेला नाही. शिट्टी नव्हती. मी तिच्या पाठीला कान लावून पाहिला. ती हसली आणि मला दूर ढकललं. माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा क्षण कोणता म्हणून कुणी विचारलं, तर तो हा. कुणी विचारत नाही, ते बरंच.

तरी ती बरी झाली नव्हती. ती चार पावलं चालायची आणि खांब धरायची. वैशाखाच्या उन्हात वारा पडला की पुन्हा खाटेवर जायची. गावचा गायता, म्हणजे देवाधर्माचं पाहणारा म्हातारा, रोज सकाळी आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभा राहायचा. आत यायचा नाही. काठीवर हनुवटी टेकून विचारायचा, बाई चालून राह्यली का? मी सांगायचे, नाही, अजून नाही. तो मान हलवायचा आणि जायचा. मायला त्याचं मोठं कौतुक होतं. सख्खे दीर असून कधी विचारत नाहीत, म्हणायची.

त्या उन्हाळ्यात तिथलं एक मला कोड्यात टाकायचं. जेठ आला तरी कुणी छप्पर शाकारत नव्हतं. भिंतींना भेगा गेल्या होत्या, त्या कुणी लिंपत नव्हतं. गावाच्या कडेला मात्र नव्या बांबूंचे भारे आणि गवताचे ढीग रचून ठेवले होते. बाबा आले की ते पाहून चिडायचे. माल पडून आहे आणि ही माणसं बसून आहेत, काय म्हणावं या आळसाला. त्यांनी स्वतः चढून आमचं छप्पर नीट केलं. खाली उभे राहून सगळे पाहत होते. कुणी काही बोललं नाही.

माणसं गप्प राहतात तेव्हा आपण त्यांच्या गप्प राहण्याचा आपल्याला सोयीचा अर्थ लावतो. बाबांनी तो आळस धरला. मी तो स्वभाव समजले. मायने मात्र विचारलं. एका दुपारी, बाबा बल्लारपूरला होते तेव्हा, तिने बुधीला जवळ बसवलं आणि सरळ विचारलं की पावसाळा तोंडावर आला, तुम्ही घरं काऊन शाकारत नाही? बुधी कितीतरी वेळ जमिनीवर काडीने रेघा ओढत होती. मग तिने सांगितलं. हे गाव मोहफुलं संपली की उठायचं होतं. खाली नाल्याच्या पलीकडे जागा पाहून झाली होती. गायत्याने तिथे तांदळाचे दाणे पानाखाली झाकून ठेवले होते, सकाळी ते जागचे हलले नव्हते, म्हणजे ती भुई घ्यायला तयार होती.

“मग गेले काऊन नाई?” मायने विचारलं.

“गावात मानूस खाटेवर असला तं गाव उठत नाई, बाई. तू खाटल्यावर आली. आपल्या पायानं चालत गावाच्या भाईर पडशील, तवा उठू.” बुधीने हे सांगितलं, आणि लगेच म्हणाली, “आमाले घाई नाई.”

घाई होती. मला लहान असूनही कळत होतं. दक्षिणेला ढग दिसू लागले होते. मिरगाच्या आत नवी घरं शाकारून झाली नाहीत तर लेकराबाळांनी कुठे राहायचं? आणि जुन्या जागेवर राहायचं, तर आदल्या पावसाळ्यातला ताप अजून सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता. ज्या भुईला ते भीत होते त्याच भुईवर ते एका परक्या बाईसाठी बसून होते. माय त्या दिवशी काही जेवली नाही. संध्याकाळी झरोक्याखाली पडून होती. मी जवळ गेले तर म्हणाली, “इथी मले श्वास लागते ना, ते तुले मालूम हाये?” इथे मला श्वास मिळतो, असं ती सांगत होती. मी हो म्हटलं. ती म्हणाली, “मालूम ठेव.” 

दोन-तीन दिवसांनी बाबा आले. माय उठून बसली होती, केस विंचरलेले, धुतलेलं लुगडं नेसलेली. म्हणाली, मी बरी झाली, चला घरी. बाबांना इतका आनंद झाला की त्यांना काही दिसेना. मी सांगायला तोंड उघडलं, तर मायने माझा हात असा दाबला की मी मिटून घेतलं. बुधीला मात्र दिसत होतं. ती खाटलं आणायला माणसं पाठवते म्हणाली. माय म्हणाली, नको, मी चालत जाते.

ती चालली. हिरव्या दारातून निघाली, अंगण ओलांडलं, मोहाच्या झाडांमधून गावाच्या मधोमध चालत गेली. सगळं गाव दोन्ही बाजूंना उभं होतं. गायता काठी टेकून शेवटच्या घरापाशी उभा होता. माय ताठ होती, एकदाही खांब धरला नाही, झाड धरलं नाही. माझा हात तिच्या हातात होता, म्हणून फक्त मला कळत होतं की ती श्वास घेत नाहीये, धरून ठेवते आहे. गायत्यासमोर ती थांबली, हात जोडले आणि पुढे झाली. मागून बुधीचा आवाज आला, हळू जा बाई. वाट पहिल्या वळणावर उतरली आणि गाव दिसेनासं झालं. तिथे ती खाली बसली. त्यानंतर जी ढास लागली ती बाबांनी तिला पाठीवर घेऊन पायथ्याशी नेलं तरी थांबली नव्हती. बाबा सारखे म्हणत होते, अगं सांगायचं तर होतं. त्या रात्री मोटारीत मायने त्यांना सगळं सांगितलं. गाव का थांबलं होतं तेही, आणि दसरू घर विकताना खरंच बोलत होता तेही.

श्रावणात माय गेली. बल्लारपुरात, त्याच खोलीत, दारं-खिडक्या लावलेल्या, बाहेर ओला कोळसा आणि ओला भुसा. मला कुणी रडू दिलं नाही असं नाही. मीच रडले नाही. मला राग आला होता, आणि कुणाचा ते ठरवता येत नव्हतं. बाबांचा यायचा, मग त्यांचा चेहरा पाहिला की जायचा. गावाचा यायचा, मग ढगांखाली बसून राहिलेली ती माणसं आठवायची. शेवटी तो मायवरच जाऊन थांबला, आणि अजून पुरता गेलेला नाही. ती थांबू शकली असती. ती आमची होती, त्यांची नव्हती. इतकी वर्षं झाली, मी तिच्यापेक्षा दुप्पट वयाची झाले, तरी चैतात टोपल्या दिसल्या की मी मनातल्या मनात तिच्याशी हेच भांडते.

मुलाचा तो कागद अजून टेबलावर आहे. मी त्याला एवढंच विचारलं की तिथे शेजारी कोण आहेत. तो म्हणाला, आई, शेजारी नाहीत, हाच तर फायदा आहे. मी कागद परत दिला आणि उन्हात वाळत घातलेली फुलं उचलायला गेले.

माय गेली त्या वर्षी दिवाळी झाल्यावर बाबा म्हणाले, घराचं आता काय करायचं, निदान दार तरी काढून आणू. अस्सल साग आहे, वाळवीच्या तोंडी कशाला द्यायचं. घरी मला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून मीही गेले. वाटेत धानाच्या कापण्या चालल्या होत्या. टेकडी चढून वर आलो आणि बाबा थबकले. वर गाव नव्हतं. मोहाची झाडं होती, चुलींचे काळे दगड होते, फुटकी मडकी होती, कंबरभर गवत होतं. गाव उठलं असणार हे आम्हाला माहीत होतंच. पण आमचं घरही नव्हतं. भिंतीची माती ढासळून पडली होती आणि जिथे खांब होते तिथे पाणी साचलेले खड्डे होते. दाराचा पत्ता नव्हता.

बाबा त्या खड्ड्यांपाशी उभे राहिले. मग त्यांचा तोल गेला. त्यांना मी कधी शिवी देताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशी ऐकलं. बायको खाल्ली, आता लाकूडही नेलं, असं काहीबाही बोलत ते दुसऱ्या बाजूने टेकडी उतरू लागले. मी मागे धावत होते. नाल्याच्या पलीकडे धूर दिसत होता.

नवं गाव साजाच्या झाडांमधे होतं. छपरांवरचं गवत अजून काळं पडलेलं नव्हतं. आणि त्या घरांमधे, दसरूच्या घराला लागून, हिरवं दार होतं.

दसरू अंगणात दोर वळत होता. आम्हाला पाहून उठला. बाबांनी दाराकडे बोट केलं. त्यांनी विचारलं, हे काय? दसरूला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, “सारं गाव इथी आलं, तं तुमचं घर तिथी एकलं काऊन ठेवावं, भाऊ? गावातलंच घर हाये ना ते.”

बाबा पुढे झाले आणि त्यांनी खांबावर हात ठेवला. डेपोत साग पारखायला ठेवायचे तसा नाही. नुसता ठेवला. तेवढ्यात बुधी आली, तिचे हात शेणाने भरलेले होते. तिने कोपराने दार ढकललं आणि आम्हाला आत बोलावलं. जमीन नुकतीच सारवलेली होती. भिंतीत कोनाडा केला होता, तेवढ्याच उंचीवर, आणि त्यात ती निळी बाटली होती, जी आम्ही विसरून गेलो होतो. पूर्वेच्या भिंतीत झरोका नव्हता. तिथे चांगली माणसाच्या छातीएवढी खिडकी होती, बांबूची ताटी वर उचलून काठीने टेकवलेली, आणि तिच्यातून नाल्यावरचा वारा सरळ आत येत होता.

“बाईले वारा लागते ना,” बुधी म्हणाली, “म्हनून मोठी केली.” मग माझ्यामागे, दाराबाहेर बघत तिने विचारलं, “बाई हळूहळू येऊन राह्यली का?”

 मी म्हटलं, “माय मेली. सावनात.”

 बुधी खिडकीपाशी गेली, टेकवलेली काठी काढली आणि ताटी सावकाश खाली सोडली. खोलीत अंधार झाला. आम्ही बाहेर आलो, दसरूच्या अंगणात बसलो, त्यांनी दिलेली पेज प्यायलो आणि ऊन उतरायच्या आत निघालो. दार बाबांनी काढून आणलं नाही.